शंकरपटाला प्रेक्षक हवा, केवळ गर्दी नव्हे

कापसाची शेवटची वेचणी आटोपत आली आणि तुरीच्या पेंढ्या खळ्यावर येऊन पडल्या, की महागाव, उमरखेड, पुसद या पट्ट्यातील शेतकऱ्याला शंकरपटाचे वेध लागतात. मोकळ्या वावरात आखलेली सरळ धावपट्टी, हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी, कासरा आवळून बसलेला धुरकरी आणि श्वास रोखून धरावा तोच संपणारी धाव, एवढाच या खेळाचा पसारा. तथापि या काही सेकंदांसाठी वर्षभर बैलांना सरकी-ढेप चारणारी माणसे विदर्भात आजही आहेत. प्रश्न आहे तो ही धाव पाहण्यासाठी येणाऱ्यांचा.

मधल्या काळात या खेळावर मोठे संकट येऊन गेले. केंद्र सरकारने २०११ मध्ये प्रदर्शनास वा खेळास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. परंतु प्रत्यक्ष परवानगी मिळण्यास १६ डिसेंबर २०२१ उजाडावे लागले. पुढे १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. २०१४ मध्ये पहिलीत असलेला मुलगा तोवर आठवीत पोचला होता. उजळ माथ्याने भरलेला पट त्याने पाहिलाच नव्हता. बंदी उठल्याबरोबर जमलेल्या गर्दीत नवलाईचा भाग मोठा असतो. ती ओसरल्यानंतर हा मुलगा पुन्हा पटाकडे वळेल काय, याचा विचार आयोजकांनी केला पाहिजे.

गर्दी वाढविण्याचा एक सोपा मार्ग सर्वांना ठाऊक आहे. बक्षिसाचा आकडा फुगवावयाचा, पुढाऱ्यांच्या छायाचित्रांचे फलक चौकाचौकांत लावावयाचे आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवावयाचा. मोठ्या बक्षिसाने दूरच्या नामांकित जोड्या येतात, हे खरे. पण त्याच बक्षिसामुळे गावची शेतकी जोडी शर्यतीबाहेर फेकली जाते. आणि जोडी बाहेर गेली की तिच्यामागे येणारे भाऊबंद, शेजारी, पोरेबाळे यांचा जीवही त्या खेळात उरत नाही.

शिवाय खेळाच्या स्वरूपातच एक अडचण आहे. पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत, दोन जोड्या शेजारी-शेजारी धावतात. पुढे कोण, हे लहान मुलालाही कळते. दिवसा पट आणि रात्री नाटक अशी तेथील रीत असल्याने लेकी-जावई, पाहुणे-रावळे मुक्कामाला येतात. पश्चिम विदर्भात मात्र बहुधा एकेक जोडी घड्याळाविरुद्ध धावते. सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरणारा निकाल डोळ्यांना दिसत नाही. वेळ पुकारणाऱ्याचा आवाज पोचला नाही, तर शेवटच्या रांगेतील माणसाने पाहिली ती केवळ धूळ!

सरळ पट्टीवर वेगाची परीक्षा घेणारा असाच खेळ अमेरिकेत मोटारींचा आहे. रस्त्यांवर बेबंद चालणाऱ्या या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९५१ मध्ये तेथे राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पाव मैलाची ती धाव पटाइतकीच क्षणिक असते. तरीही प्रेक्षक टिकला, त्याची कारणे पाहण्यासारखी आहेत. वाहनांचे अनेक गट पाडल्याने सामान्य माणसाच्या मोटारीलाही जिंकण्याची संधी राहिली. १९६३ पासून सुटण्याच्या जागी रंगीत दिव्यांचा खांब आला आणि धाव कोणत्या क्षणी सुरू झाली, हे सर्वांना दिसू लागले. दोन धावांच्या मधल्या वेळात प्रेक्षकाला यंत्रे आणि कारागीर जवळून पाहण्याची मुभाही मिळाली.

महागावच्या परिसरात पट भरवू पाहणाऱ्यांना यांपैकी काहीच अशक्य नाही. प्रत्येक धावेनंतर जोडीचे गाव आणि लागलेला वेळ मोठ्या फळ्यावर लिहावा. हे काम शाळेतील विद्यार्थी आनंदाने करतील आणि अंतरास वेळेने भागून वेग काढण्याचे गणित त्यांना त्या दिवशी वेगळे शिकवावे लागणार नाही. तालुक्यातील शेतकी जोड्यांसाठी स्वतंत्र गट असावा. धावण्याबद्दल नावाजलेला वर्ध्याकडचा गवळाऊ बैल आणि नांदेडकडचा लाल कंधारी यांतील फरक जाणकाराने ध्वनिक्षेपकावरून समजावून द्यावा. शर्यत सांगितलेल्या वेळी सुरू व्हावी. स्त्रियांसाठी सावलीत बसण्याची सोय, पिण्याचे पाणी आणि धावपट्टीच्या दोन्ही बाजूंस भक्कम कठडे असावेत. उधळलेली जोडी गर्दीत घुसण्याची भीती असेल, तर कोणते कुटुंब मुलांना घेऊन येईल? अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या पटात स्त्रियांनी जोड्या हाकल्या आहेत. मग प्रेक्षकांत त्यांना जागा नसावी, हे शोभणारे नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट बैलाच्या जिवाची. शर्यतींना मिळालेली मोकळीक सशर्त आहे. बैलास यातना दिल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास अशी तरतूद कायद्यात आहे. आरीची तुतारी आणि शेपटी पिरगाळणे गेले, तर खेळातील रंगतच जाईल, असे म्हणणारे जुने शौकीन भेटतात. परंतु मारून पळविलेल्या बैलात कौतुक कसले? प्राणिमित्रांचा आक्षेपही थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याला खरे उत्तर न्यायालयात नव्हे, धावपट्टीवरच द्यावे लागेल. जाणता प्रेक्षक हा तेथील सर्वांत चांगला पंच होय. बैलाला इजा करणाऱ्या धुरकऱ्याची जोडी बाद होताच ज्या पटात टाळ्या पडतील, त्या पटाला पुन्हा बंदीची भीती बाळगण्याचे कारण उरणार नाही.

२०१९ च्या पशुगणनेत देशातील नर गोवंश २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. ट्रॅक्टरने वावरातील बैलाचे काम घेतले, ही वस्तुस्थिती आहे. पटाने ती बदलणार नाही. मात्र दावणीला एक चांगली जोडी राखावी, असे एखाद्या तरुण शेतकऱ्याला वाटण्यास पट हे अजूनही एक कारण आहे. ते कारण बक्षिसाच्या रकमेत शोधले, तर रक्कम आटताच संपेल. आपल्या जोडीकडे सारे गाव डोळे लावून पाहत आहे, या अभिमानात ते असेल, तर मात्र टिकेल. म्हणूनच पटाला आलेल्या माणसाला गर्दीतला एक आकडा न समजता घरचा पाहुणा समजणे, हेच आयोजकांचे पहिले कर्तव्य ठरते.