खताच्या ढिगातील जंतूंच्या पाळ्या

मानोऱ्याच्या बाजूला काय किंवा आणखी कुठे काय, घरामागे उकिरडा असतोच. खरकटे, भाजीचे देठ, शेण, काडीकचरा त्यात पडतो आणि त्याचे खत होते. ते करतो कोण? डोळ्यांना न दिसणारे जंतू. पण पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत तेच जंतू राबतात असे नाही. जिनिंगमध्ये पाळी बदलते ना, तशी यांचीही बदलते.

पहिली पाळी खरकट्यावर तुटून पडते. यांतच दुधाचे दही करणाऱ्या जातीचे जंतू असतात, म्हणून ढीग दोन दिवसांत आंबूस वास मारतो. बिघडला म्हणून तो फेकू नका. वाळला पाला मिसळा, हवा खेळू द्या.

खाता खाता ऊब साठते. ४५ अंशांपुढे ती या मंडळींना सोसवत नाही. मग उष्णता मानवणारे जंतू, विशेषतः बॅसिलस कुळातले, काम हाती घेतात. ढीग ६० अंशांपर्यंत तापतो. ५५ अंशांवर काही दिवस टिकला, तर रोगजंतू आणि तणांचे बी बहुतेक मरते. मात्र ७० च्या पुढे हे कामकरीही थकतात.

ढीग निवू लागला की बुरशी आणि बुरशीसारखे तंतू काढणारे अ‍ॅक्टिनोमायसीट जंतू पुढे येतात. देठ, पऱ्हाटी असला चिवट माल त्यांच्या वाट्याला. पहिल्या पावसाचा मातीचा वास असतो ना, तो याच जंतूंचा.

हवा नसेल तर सारेच अडते. इंदूरला आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी बसवलेली पद्धत १९३१ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यात ढीग उलथावा लागतो. आपल्या शेजारच्या पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी हे कष्ट वाचवले. त्यांचे 'नाडेप' टाके १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. विटांच्या भिंतीत भोके ठेवलेली. त्यांतून हवा आपसूक जाते. खताला ९० ते १२० दिवस लागतात.

इथेच घाई होते. कच्चे खत कपाशीला घातले, तर उरलेला काडीकचरा कुजवताना जंतू जमिनीतला नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. म्हणून ढिगात लोखंडी सळई खुपसा, थोड्या वेळाने काढून हात लावा. गरम लागली तर थांबा. थंड लागली तरी मूठभर खत दाबून पाहा, कारण वाळलेला ढीगही थंडच असतो. तसा असेल तर पाणी शिंपडा, तो पुन्हा तापेल. मृगाच्या पेरणीला खत हवे असेल, तर टाके माघातच भरून लिंपलेले हवे.