ओसरीवरची नवी दंडार

गेल्या भाद्रपदात वडील न्हाणीघरात घसरले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. नागपुरातील शस्त्रक्रिया नीट झाली. परंतु पवनीच्या घरी परतल्यावर त्यांचे बोलणेच थांबले. वॉकर कोपऱ्यात उभा राही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलाला ‘उद्या’ एवढेच उत्तर मिळे. तरुणपणी मंडईच्या रात्री लुगडे नेसून पहाटेपर्यंत दंडार गाजवणारा हा ७८ वर्षांचा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. ज्यांनी घरी शुश्रूषा केली आहे त्यांना ठाऊक असेल, की जखमेपेक्षा असे मौन अधिक धास्ती घालते.

दिवाळीत माझा मुलगा सुटीवर आला. ओसरीवर आजोबांच्या खाटेशेजारी बसून तो लॅपटॉपवर एक खेळ खेळत असे. खरे सांगायचे तर मला त्याचा रागच येई. तिसऱ्या दिवशी खाटेवरून आवाज आला : “जखमी माणसाले समोर कायले धाडतोस, बाबू?” कित्येक आठवड्यांतले ते वडिलांचे पहिले पूर्ण वाक्य होते.

त्या खेळाचे नाव ‘बाल्डर्स गेट २’, आणि मुलगा खेळत होता ती त्याची २००१ साली आलेली पुरवणी, ‘थ्रोन ऑफ बाल’. नाव ऐकून वडिलांना वाटले, हे लहान मुलाचे सिंहासन असावे! वास्तविक ‘बाल’ हा त्या कल्पित जगातील हत्येचा मृत देव, आणि नायक त्याची संतती. चूक अगदीच चूक नव्हती म्हणायची.

खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो आणि जास्तीत जास्त सहा जणांचे पथक चालवतो. पराक्रमागणिक अनुभवाचे गुण साठतात आणि पात्राचा स्तर वाढतो. मूळ भागात या गुणांची मर्यादा साडेएकोणतीस लाख होती. पुरवणीने ती ऐंशी लाखांवर नेली आणि चाळिसाव्या स्तरापर्यंतची वाट मोकळी केली. म्हणजे ही कथा नवशिक्याची नव्हेच. पात्रे येथे येतात तीच मुरलेली, जखमा झेललेली, अनेक विद्या अवगत असलेली. शिवाय लढाई कोणत्याही क्षणी थांबवून विचार करता येतो. थरथरत्या बोटांच्या माणसाला ही सोय मोठी आहे. वडील बटणांना हात लावत नसत. नातू बारीक इंग्रजी अक्षरे वाचून मराठीत सांगे, वडील निर्णय देत.

हा खेळ घडवणारी बायोवेअर ही कॅनडातील संस्था १९९५ साली स्थापन करणाऱ्यांत रे मुझिका, ग्रेग झेशुक आणि ऑगस्टिन यिप हे तिघे वैद्यकीय पदवीधर डॉक्टर होते. आरंभी त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठीही संगणक-प्रणाली केल्या होत्या. म्हणून हा खेळ औषध ठरतो असे मात्र कोणी समजू नये.

वडिलांना त्यात नवल वाटले नाही. “सोंग घेतलं का मानूस दुसरा होते,” ते म्हणाले, आणि मग दंडारीच्या गोष्टी सुरू झाल्या. पुरुषानेच स्त्रीपात्र कसे वठवायचे, धान कापणीला आले असताना तालीम कशी चाले, हे मीही प्रथमच ऐकत होतो. ऐकवण्यासाठी ते उठून बसू लागले. बसल्यावर पाय खाली सोडणे आले. पुढे नातवाने अट घातली : एक लढाई जिंकली की वॉकर घेऊन अंगणापर्यंत एक फेरी.

परंतु आमच्या हातून एक गंभीर चूक झाली. वडील मधुमेही आहेत. एका रात्री त्यांना जेवणाआधीचे इन्सुलिन दिले आणि ‘एवढी लढाई संपू दे’ म्हणत ताट लांबले. काही वेळाने त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. ते शुद्धीवर होते आणि गिळू शकत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी रक्तशर्करा पुन्हा तपासली आणि मग जेवू घातले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये; त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. त्या रात्रीपासून खेळाला संध्याकाळचे पाच ते साडेसहा एवढाच वेळ ठरला, आणि इन्सुलिन ताट समोर आल्यावरच.

वृद्धांच्या मेंदूला असे खेळ उपकारक आहेत का, हे वाचक विचारतीलच. २०१३ साली ‘नेचर’ नियतकालिकात अ‍ॅडम गझाली व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६० ते ८५ वयाच्या व्यक्तींना महिनाभरात एकूण बारा तास एक मोटारीचा खेळ दिला होता. त्यांचे अवधान सुधारले आणि काही लाभ सहा महिन्यांनंतरही टिकले. पण तो खेळ त्याच हेतूने खास रचलेला होता. बाजारातल्या कोणत्याही खेळाला तो निष्कर्ष चिकटवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या घरी जे घडले त्याचे श्रेय मी संगणकापेक्षा शेजारी बसलेल्या नातवालाच अधिक देईन.

दुसरी बाजू नातवाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळाचा विकार समाविष्ट आहे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा तोच महत्त्वाचा होणे आणि नुकसान दिसूनही तो चालू ठेवणे, ही त्याची लक्षणे. सामान्यतः ती बारा महिने दिसावी लागतात. सुटीतला दीड तास म्हणजे विकार नव्हे. पडद्यापासून दर वीस मिनिटांनी नजर वीस फुटांपलीकडे वळवावी, आणि चक्कर वा मळमळ वाटल्यास लगेच थांबावे, एवढे दोघांनीही पाळावे. ज्याला अपस्माराचा त्रास आहे त्याने मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून चमकणाऱ्या पडद्यासमोर बसू नये.

सुटीच्या शेवटच्या संध्याकाळी पथक कथेच्या अखेरीस पोहोचले. तेथे नायकाला विचारले जाते : पित्याचे रिकामे सिंहासन घेऊन देव व्हायचे, की ते अंश सोडून मर्त्य राहायचे? नातू देवत्वाच्या बाजूने होता. वडिलांनी विचारले, “मंग संगतच्या लोकायचं काय?”

“ते मागे राहतील, आजोबा.”

वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी लॅपटॉप मिटवायला सांगितला. निर्णय होळीच्या सुटीवर ठेवला आहे. तोवर रोज सकाळी फाटकापर्यंत दोन फेऱ्या चालू आहेत, आणि अलीकडे वॉकर पुढे सरकवताना ते दंडारीतले काहीतरी गुणगुणत असतात.