दुर्बीण घेण्याआधी खगोल मंडळात का जावे?

घरातल्या एखाद्या मुलाला ग्रहताऱ्यांची आवड लागली, की वाढदिवसाला दुर्बीण आणायचे ठरते. खोक्यावर शनीच्या कड्यांचे रंगीत छायाचित्र असते आणि ‘पाचशे पट मोठे दिसेल’ असा दावा असतो. पहिल्या रात्री गच्चीवर तिपाई डगमगते, चंद्र दिसता दिसता निसटतो आणि शनी तर सापडतच नाही. चार-पाच प्रयत्नांनंतर दुर्बीण माळ्यावर जाते. ‘हे काही आपल्याला जमणारे नाही’ अशी मुलाची समजूत होते, आणि ती पैसे वाया जाण्यापेक्षा जास्त महागात पडते.

हे टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे आपल्या शहरातले किंवा जवळपासचे हौशी खगोल मंडळ. तिथे दुर्बीण असते आणि ती कुठे वळवायची हे माहीत असलेली माणसेही असतात.

खगोल मंडळ म्हणजे नेमके काय?

नोकरी, व्यवसाय, शिक्षण सांभाळून आकाश निरीक्षण करणाऱ्यांनी स्वतःच्या हौसेने चालवलेली ही संस्था असते. शिक्षक, अभियंते, बँकेत काम करणारे, गृहिणी, शाळकरी मुले असे सगळे त्यात असतात. भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही.

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. आज चालू असलेल्या देशातल्या सर्वांत जुन्या हौशी संस्थांमध्ये तिची गणना होते. मुंबईचे खगोल मंडळ १९८० च्या दशकाच्या मध्यात, हॅलेच्या धूमकेतूच्या आगमनाच्या सुमारास सुरू झाले. धूमकेतू आणि अशा संस्था यांचे नाते जुने आहे. हाच धूमकेतू १९१० मध्ये आला तेव्हा कोलकात्यात ‘अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया’ उभी राहिली होती. आकाशात काही घडले, की लोकांना ते एकत्र पाहावेसे वाटते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. ‘ज्योतिर्विद्या’, ‘नक्षत्र’, ‘राशी’ हे शब्द ऐकून काही जण पत्रिका दाखवायला येतात. या मंडळांत भविष्य सांगत नाहीत. उलट, एरवी लोक टाळतात ती अमावस्याच इथे सणासारखी असते, कारण त्या रात्री चंद्राचा प्रकाश नसतो आणि अंधुक तारेही दिसतात.

दुर्बीण आधी का नको?

दुर्बिणीचे मुख्य काम वस्तू मोठी दाखवणे हे नसून प्रकाश गोळा करणे हे आहे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली जास्तीत जास्त ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. २०० मिलिमीटर व्यासाचा आरसा असलेली दुर्बीण त्याच्या सुमारे ८०० पट प्रकाश गोळा करते. म्हणून दुर्बीण निवडताना ‘किती पट’ हा प्रश्न दुय्यम असतो, ‘व्यास किती’ हा पहिला.

उपयोगी वर्धनालाही मर्यादा असते. ढोबळ नियम असा, की व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे दोन पट. म्हणजे ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीला फार तर १४० पट. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण पुसट होत जाते. खोक्यावरचे ‘पाचशे पट’ म्हणूनच फसवे असते.

मंडळात एकाच रात्री तीन-चार प्रकारच्या दुर्बिणी वापरून पाहता येतात. कोणती जड आहे, कोणती सदनिकेच्या गॅलरीत मावेल, कोणती मांडायला अर्धा तास लागतो हे हात लावल्यावरच कळते. अनेकांना तिथे गेल्यावर लक्षात येते, की सुरुवातीला ५० मिलिमीटर व्यासाची साधी द्विनेत्री पुरेशी आहे. तिच्यातून गुरूचे उपग्रह, कृत्तिकांचा पुंजका आणि चंद्रावरची मोठी विवरे दिसतात.

निरीक्षणाच्या रात्री काय होते?

शहरातल्या दिव्यांमुळे आकाश धुरकट उजळलेले असते, म्हणून मंडळे शहराबाहेर रात्रभराचे कार्यक्रम ठेवतात. मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीचे कार्यक्रम त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. कर्जतकडे जाणारी लोकल पकडून संध्याकाळी पोहोचायचे, रात्रभर आकाश पाहायचे आणि सकाळी परतायचे.

सुरुवात बहुधा दुर्बिणीविना होते. स्वयंसेवक हिरव्या लेझरने तारे दाखवत जातात. हिवाळ्यात मृग नक्षत्रापासून सुरुवात करणे सोपे. त्यातले सरळ रेषेतले तीन तारे ओळखले, की ती रेषा एका बाजूला वाढवल्यावर व्याध सापडतो, दुसऱ्या बाजूला रोहिणी आणि पुढे कृत्तिका. सप्तर्षी उगवले, की क्रतू आणि पुलह या दोन ताऱ्यांच्या रेषेने ध्रुवापर्यंत जाता येते. ध्रुव क्षितिजापासून किती उंच दिसतो, तेवढा त्या ठिकाणचा अक्षांश. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश व्यापते, त्यामुळे पुणे-मुंबई भागात ध्रुव क्षितिजाच्या जेमतेम दोन मुठी वर असतो. हे एकदा स्वतःच्या मुठीने मोजले, की भूगोलाच्या पुस्तकातला अक्षांश विसरत नाही.

मग दुर्बिणींपुढे रांगा लागतात. इथे काही शिस्त पाळावी लागते. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि कोणी मोबाइलचा पडदा उजळला, की ती सवय क्षणात मोडते. म्हणून विजेरीवर लाल जिलेटीनचा कागद लावतात, कारण मंद लाल प्रकाशाने डोळ्यांची सवय फारशी बिघडत नाही. दुर्बिणीला हात लावण्याआधी विचारायचे. नुसत्या धक्क्याने ग्रह दृष्टिक्षेत्राबाहेर जातो आणि मागच्या वीस जणांचा खोळंबा होतो.

दिसते ते फोटोसारखे का नसते?

पहिल्यांदा येणाऱ्यांची सर्वांत मोठी निराशा इथे होते. मृगातला तेजोमेघ छायाचित्रात गुलाबी-जांभळा असतो, दुर्बिणीत मात्र राखाडी धुरासारखा दिसतो. दोष दुर्बिणीचा नसतो. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींना भरपूर प्रकाश लागतो. अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या पेशींना रंग कळत नाही. कॅमेरा बराच वेळ प्रकाश साठवतो, डोळ्याला ते शक्य नाही.

जाणती माणसे यावर एक युक्ती सांगतात. अंधुक वस्तूकडे सरळ न पाहता किंचित बाजूला पाहायचे. अंधारात काम करणाऱ्या पेशी नजरेच्या मध्यबिंदूवर नसून त्याच्या भोवती असतात, त्यामुळे तिरक्या नजरेला तीच वस्तू अधिक स्पष्ट दिसते. शेजारी कोणी सांगणारे असले, की हे पाच मिनिटांत जमते. मग देवयानी दीर्घिकेचा तो पुसट डाग पाहताना कळते, की हा प्रकाश निघून सुमारे २५ लाख वर्षे झाली आहेत.

नाव नोंदवण्याआधी काय विचारावे?

मंडळ शोधायला जवळचे तारांगण, विज्ञान केंद्र, महाविद्यालयाचा भौतिकशास्त्र विभाग किंवा मराठी विज्ञान परिषदेची स्थानिक शाखा इथे चौकशी करावी. लगेच वर्गणी भरू नये. आधी एका बैठकीला आणि एका निरीक्षणाला जाऊन पाहावे. नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरे मिळतात का, की जुने सभासद आपापल्या यंत्रांतच गुंतलेले असतात, हे तिथे लगेच समजते.

रात्रीच्या कार्यक्रमाआधी काही साध्या गोष्टी विचाराव्यात. स्वच्छतागृह आहे का? मुली आणि महिलांसाठी विश्रांतीची सोय काय? मुलांसोबत पालक येऊ शकतात का? जबाबदार व्यक्ती कोण आणि तिचा फोन नंबर काय? चांगल्या मंडळाला या प्रश्नांचा राग येत नाही. बरोबर सतरंजी, स्वेटर, पाणी आणि डबा घ्यावा. पहाटे दव पडते, तेव्हा मे महिन्यातही अंगावर घ्यायला काहीतरी असलेले बरे.

पावसाळ्यात काय करतात?

जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश जवळजवळ बंदच असते. हे महिने व्याख्याने, अभ्यासवर्ग आणि दुर्बिणींच्या दुरुस्तीत जातात. नवीन माणसाने खरे तर याच काळात यावे. म्हणजे ऑक्टोबरात आकाश मोकळे होईपर्यंत नकाशा वाचायला येऊ लागतो. दिवसाचेही कार्यक्रम असतात. मे महिन्यात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते, तो शून्य सावली दिवस अनेक मंडळे शाळांमधून साजरा करतात.

हौशी माणसांच्या नोंदींचा उपयोग होतो का?

होतो, आणि त्यासाठी महागडी साधने लागतातच असे नाही. मृगातला काक्षी हा तारा २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत नेहमीपेक्षा बराच मंद झाला. त्या काळात जगभरच्या हौशी निरीक्षकांनी शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून त्याच्या तेजस्वितेच्या नोंदी केल्या आणि संशोधकांनी त्या वापरल्या. मोठ्या वेधशाळा एकाच ताऱ्याकडे रोज पाहत बसू शकत नाहीत. हौशी माणूस पाहू शकतो.

याचे भारतातले उदाहरण म्हणजे राधागोविंद चंद्र. अविभाजित बंगालमधल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात ते साधी नोकरी करत. रूपविकारी ताऱ्यांच्या त्यांच्या नोंदी पाहून अशा निरीक्षकांच्या अमेरिकेतल्या संघटनेने १९२६ मध्ये त्यांना सुमारे ६ इंची दुर्बीण वापरायला पाठवली. आयुष्यभरात त्यांनी ३७ हजारांहून अधिक नोंदी केल्या. पुढे ती दुर्बीण तरुण वेणू बप्पू यांच्याकडे गेली. तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेला आज ज्यांचे नाव आहे, तेच हे बप्पू.

राधागोविंदांनी ती दुर्बीण विकत घेतली नव्हती. आधी त्यांची नजर तयार झाली, मग माणसे भेटली आणि दुर्बीण त्यानंतर हाती आली. घरातल्या मुलासाठीही हाच क्रम ठेवावा. येत्या अमावस्येच्या जवळचा शनिवार पाहावा, मंडळाला फोन करावा आणि मुलाबरोबर स्वतःही जावे. दुर्बीण कोणती घ्यायची, हे दोन-चार निरीक्षणांनंतर मूलच सांगेल.