दाखला आणि निद्रिस्त जंतु

विलायतेस शिकावयास निघालेला मराठी तरुण हल्लीं सामान बांधण्यापूर्वीं क्ष-किरणांनीं छातीचें छायाचित्र काढवून घेतो. सहा महिन्यांहून अधिक मुक्काम असल्यास ब्रिटिश सरकार क्षय नसल्याचा दाखला मागतें. पूर्वीं ही तपासणी हीथ्रोसारख्या विमानतळावर, दमलेला प्रवासी उतरल्यावर होत असे. २०१२ सालापासून, ज्या देशांत दर लाख वस्तीमागें वर्षास ४० हून अधिक क्षयरोगी निघतात, तेथील प्रवाशांची परीक्षा स्वदेशींच उरकण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानें सुरू झाली.

छायाचित्रांत डाग दिसला म्हणजे क्षय ठरला, असें नव्हे. जुना, भरून आलेला व्रणही तसाच डाग पाडतो. म्हणून बेडका घेऊन त्यांतील जंतु वाढवून पाहतात. रॉबर्ट कॉखनें १८८२ सालीं जगापुढें मांडलेला हा जंतु फार सावकाश वाढतो; निकालास सहा ते आठ आठवडे लागतात. तोंवर विद्यालयाचें सत्र सुरू होतें, कर्ज काढून भरलेलें शुल्क टांगणीस लागतें, आणि घरचीं माणसें शेजाऱ्यांना भलतेंच कारण सांगतात. ही लाज रोगाला चांगलीच मानवते. तिच्यापायीं खोकला लपविला जातो, आणि लपविलेला खोकला प्रथम घरच्यांनाच बाधतो.

मात्र खरी मेख निराळीच आहे. जंतु शरीरांत शिरणें आणि रोग होणें, या दोन भिन्न गोष्टी आहेत. जगांतील सुमारें चतुर्थांश लोकांत हा जंतु शिरलेला आहे, असा अंदाज आहे. त्यांपैकीं शेंकडा पांच ते दहाच आयुष्यांत कधीं तरी आजारी पडतात. निजलेला जंतु दुसऱ्यास बाधत नाहीं, पण छायाचित्रांतही दिसत नाहीं. म्हणून निर्मळ छातीचा दाखला घेऊन गेलेला मनुष्य दोन-चार वर्षांनीं तेथें आजारी पडला, तर दाखला खोटा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. मधुमेह, उपासमार अथवा दुसरें दुखणें यांनीं शरीर खचलें, कीं जंतूस जाग येते.

हें ओळखून इंग्लंडांत, क्षयाचें प्रमाण फार असलेल्या देशांतून नुकत्याच आलेल्या १६ ते ३५ वर्षांच्या लोकांसाठीं रक्तपरीक्षेची योजना निघाली. जंतु आढळल्यास तीन किंवा सहा महिने औषध देतात, तेंही मोफत. परंतु धडधाकट वाटणाऱ्या माणसानें, कामाचा खाडा करून, न झालेल्या रोगासाठीं दवाखान्यांत जावें कसें? बोलावणें येऊनही पुष्कळजण जात नाहींत.