द्राक्ष घरी पिकत नाही

कुर्डुवाडी स्टेशनबाहेर संक्रांतीआधीच द्राक्षांच्या हातगाड्या लागतात. आंबट निघाली तर गाडीवाला बेधडक सांगतो, "घरी ठेवा, दोन दिवसांत गोड होतील." आंब्या-केळ्याचं तसं होतं, द्राक्षाचं होत नाही. घड वेलीवरून कापला की पानांकडून येणारी साखर बंद. माढा तालुक्यात बाग धरणारा माणूस आहे मी, म्हणून संक्रांतीआधीची द्राक्षं विकत घेत नाही.

आमच्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या फुटतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड मे-जूनमध्येच घडतो. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर तो नुसता बाहेर पडतो. डोळ्यात घडच नसेल तर तेव्हा कितीही खत ओता, उपयोग शून्य.

फळछाटणीनंतर साधारण ४० दिवसांनी फुलोरा येतो. पुढच्या काही आठवड्यांत मण्यातल्या पेशींची संख्या ठरून जाते, मग पेशी नुसत्या फुगतात. थॉमसन किंवा नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी त्यातूनच निवडलेली सोनाका, या जातींत बी धरतं पण कोवळेपणीच खुंटतं. मणी फुगवणारं जिब्रेलिन एरवी बियांकडून मिळतं. ते कमी पडतं, म्हणून आम्ही घड जिब्रेलिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवतो. दाटी झालेले मणी बायका कात्रीनं विरळतात. कमरेचा काटा ढिला करणारं काम, आणि मजुरीत सगळ्यात कमी कौतुक त्याचंच.

जानेवारीच्या सुरुवातीला भाच्याचा फोन आला. पहिलीच बाग त्याची.
"मामा, मणी फुगायचं थांबलंय की! कुठलं टॉनिक सोडू?"
"काही सोडू नको. थांबू दे त्याला."

मण्याची वाढ दोन टप्प्यांत होते आणि मध्ये ती मंदावते. बिनबियांच्या जातींत हा थांबा छोटा असतो. तोवर मणी कडक, हिरवा, आंबटढाण. टार्टारिक आणि मॅलिक आम्लांनी भरलेला. मग पाणी उतरतं. मणी मऊ पडतो, त्याची साल पारदर्शक दिसू लागते. आतापर्यंत बरंचसं पाणी मुळांकडून थेट येत होतं. इथून पुढे ते मुख्यतः पानांत तयार झालेल्या साखरेसोबत येतं. मण्यात त्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. मॅलिक आम्ल मणी श्वसनात जाळतो आणि ऊन वाढलं की अधिक वेगानं जाळतो. टार्टारिक बरंचसं टिकतं. साखर मात्र पानांकडूनच येते, म्हणून एका घडामागे १२-१५ निरोगी पानं राखायची. भुरी रोगानं पानं गेली तर औषधाच्या कुठल्याच बाटलीत गोडी मिळत नाही. याच काळात अवकाळी पाऊस आला की साल तडकते आणि वर्षाची कमाई दोन दिवसांत सडते.

मार्चमध्ये गोडी २२ ब्रिक्सच्या पुढे गेली की बेदाण्याचा हिशेब मांडतो. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा पडतो. गोडी कमी असली तर ५ किलोही लागतात. त्यामुळे व्यापारी कितीही घाई करो, ब्रिक्स मोजल्याशिवाय मी कात्री लावू देत नाही.