एकेरी रुळांचे दिवस

सोलापूरला ट्राम कधी नव्हती आणि लोकलही नाही. या शहराचं घड्याळ लागायचं ते लांबच्या गाड्यांवर. दहा वर्षांपूर्वी, म्हणजे 2014-15 च्या सुमारास, रात्री दहानंतर स्टेशनकडे धावणाऱ्या रिक्षांत एकच घाई असायची: सिद्धेश्वर गाठायची. ग्रामदैवताच्या नावाची ही गाडी रात्री निघून सकाळी मुंबईत पोचायची. चादरी-टॉवेलचे व्यापारी, मंत्रालयात फाईल अडकलेले, मुंबईत उपचारांसाठी निघालेले, सगळे त्याच डब्यांत. बर्थवर डबा उघडला की कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा वास दरवळायचा. एका कप्प्यात तेलुगू, पलीकडच्यात कन्नड, मध्ये मराठी आणि दखनी. सोलापूर शहरच जणू आडवं होऊन प्रवासाला निघायचं.

मध्यरात्रीनंतर पुण्यात एक हिसका बसायचा. इथवर डिझेल इंजिन गाडी ओढत आलेलं असे. पुण्यापुढच्या मार्गावर स्वातंत्र्यापूर्वीपासून वीज होती, सोलापूरकडे ती अजून पोचायची होती. म्हणून डिझेल सुटायचं आणि विजेवरचं इंजिन जोडलं जायचं. झोपेत त्या धक्क्यानं कूस बदलणाऱ्याला न विचारता कळायचं, पुणं आलं.

पुण्याला दिवसाउजेडी जाऊन परत यायचं तर हुतात्मा. 2001 मध्ये सुरू झालेली ही गाडी सकाळी साडेसहाच्या सुमारास सोलापूर सोडायची आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पुण्याहून उलटी निघायची. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या चौघांचं स्मरण तिच्या नावात आहे. रोज हजारोंच्या तोंडी येणारं असं स्मारक दुसऱ्या कुठल्या शहराच्या वाट्याला आलं असेल, असं मला वाटत नाही.

पण या गाड्यांचं खरं दुखणं रुळांत होतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरला आली 1860 मध्ये; 1871 मध्ये रायचूरला मद्रासकडून आलेला मार्ग तिला मिळाला आणि मुंबई-मद्रास हमरस्ता तयार झाला. 1877 साली जुनी मिल उभी राहिली, पुढे गिरण्यांचं शहर घडलं, ते या रुळांच्या जोरावर. तरीही दहा वर्षांपूर्वी भिगवण ते मोहोळ हा पट्टा एकेरीच होता. मेल, मालगाड्या, उद्यान-कोणार्कसारख्या एक्स्प्रेस, पॅसेंजर, सगळ्यांना येण्याजाण्याला एकच वाट.

म्हणून ‘क्रॉसिंग’ हा शब्द इथल्या पोरासोरांना पाठ. समोरून गाडी येत असली की आपली गाडी एखाद्या लहान स्टेशनात बाजूच्या लूप लाइनवर घ्यायची आणि सिग्नल पडेपर्यंत थांबायचं. जेऊर, केम, वाशिंबे ही नावं अनेकांना अशा थांब्यांमुळेच माहीत झाली. लोक खाली उतरायचे, पाय मोकळे करायचे, बाटल्या भरायचे. दुरून भोंगा आला की धावपळ. समोरची गाडी धडाडत निघून जायची, धूळ खाली बसायची आणि मग कुठे आपला सिग्नल हिरवा. समोरचीला उशीर झाला की आपल्यालाही झालाच, आणि आपल्यामुळे मागचीला. पॅसेंजरवाल्यांचे हाल तर विचारू नका; प्रत्येक मेल-एक्स्प्रेसला वाट द्यायची ती त्यांनी.

याच पट्ट्यातल्या कुर्डुवाडी जंक्शनची गोष्ट वेगळी. तिथून 1897 मध्ये एव्हरर्ड कॅलथ्रॉप या अभियंत्यानं अडीच फुटी रुळांवर बार्शी लाइट रेल्वे सुरू केली होती. ती छोटी गाडी तोवर इतिहासजमा झाली होती. पंढरपूर, लातूर, मिरज, सगळीकडे ब्रॉडगेज पोचलं होतं.

भिगवण-मोहोळच्या दुहेरीकरणाचा शेवटचा तुकडा, भाळवणी ते वाशिंबे, 2022 मध्ये पूर्ण झाला. विद्युतीकरणही त्याच सुमारास संपलं. 10 फेब्रुवारी 2023 ला सोलापूर-मुंबई वंदे भारत धावली आणि साडेसहा तासांत मुंबई आली, याचंच कौतुक सगळीकडे झालं. मला मात्र मोठं काम वाटतं ते उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या मातीत घातलेल्या त्या दुसऱ्या रुळाचं. त्याच्यावाचून कितीही चकचकीत गाडी आणली असती, तरी तिला क्रॉसिंगसाठी ताटकळावंच लागलं असतं.

आता जेऊर-केमच्या माणसांचं म्हणणं ऐकायला हवं. क्रॉसिंग गेलं, तशा त्यांच्या दारात उभ्या राहणाऱ्या गाड्याही न थांबता पुढे निघून जातात. वंदे भारत सुरू झाली तेव्हा सोलापूर-पुण्याच्या मधे थांबायची ती फक्त कुर्डुवाडीला. शेतमाल घेऊन, कॉलेजला किंवा दवाखान्याला निघालेल्यांना सकाळ-संध्याकाळ भरवशाची थांबणारी गाडी हवी आहे, आणि ती सोडायला आता रूळ मोकळे आहेत.