तान्ह्या बाळाची शी : दिवस मोजू नका, शी कशी आहे ते पाहा



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा, हुमणी आणि पाण्याच्या पाळ्या यांवरच लिहितो. यावेळचा विषय पाहून काही मंडळी हसतील, हसू द्या. शेतकी खात्याचा माणूस गटागटांतून हिंडतो, ओसरीवर टेकतो, तेव्हा उसाच्या आधी घरच्या गोष्टी निघतात. "बाळाला चार दिवस झाले शी नाही, एरंडेल पाजावे का?" हा प्रश्न आमच्या कानावर इतक्यांदा आला आहे की, त्यावर एकदा नीट लिहिणे आम्हास जरुरीचे वाटले. आम्ही डॉक्टर नव्हे. बालरोगतज्ज्ञ जे एकमताने सांगतात, तेच आपल्या भाषेत मांडत आहोत. पुरुष सभासदांनी हे पान घरात वाचून दाखवावे, ही विनंती.

पहिली गोष्ट, अंगावर पिणाऱ्या बाळाचा हिशेब वेगळा असतो. पहिल्या महिन्यात ते दिवसातून पाच-सहा वेळा पिवळी, पातळ, मोहरीसारखी दाणेदार शी करते. दीड महिन्यानंतर तेच बाळ दोन दिवसांनी, तर कधी सात-आठ दिवसांनीही शी करते. आईचे दूध जवळजवळ सगळे अंगी लागते, चोथा फारसा उरत नाही. बाळ हसते-खेळते आहे, दूध पिते आहे, दिवसातून सहा वेळा तरी लघवी करते आहे, वजन वाढते आहे आणि आठव्या दिवशी का होईना शी मऊ झाली, तर ती बद्धकोष्ठता नव्हे. तेथे औषधाचे कामच नाही. मात्र पहिल्याच महिन्यात शी कमी आणि लघवीही कमी असेल, तर दूध पुरत नसावे. अशा बाळाचे वजन करून घ्यावे.

दुसरा घोटाळा कुंथण्याचा. बाळ लाल होते, पाय आखडते, दहा-पंधरा मिनिटे रडते आणि शेवटी होते ती मऊ शी. घरातली माणसे घाबरतात. शी करताना पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी खालची वाट सैल सोडायची, अशी दोन कामे जमावी लागतात. लहान बाळाला हा मेळ अजून साधलेला नसतो. रडूनच ते पोटात जोर आणते. सहा-सात महिन्यांपर्यंत हे आपोआप सुटते. अशा वेळी विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी सारली, तर बाळ ते काम शिकायचे राहते. आतली नाजूक त्वचा चिरते, साबणाने आगही होते. ही चाल आता बंद व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग खरी बद्धकोष्ठता कोणती? शी कडक, सुकी, शेळीच्या लेंड्यांसारखी येते किंवा एकच जाड गोळा येतो. बाळ कळवळते, कधी शीला रक्ताची रेघ दिसते, पोट टणक लागते. तोडलेला ऊस फडातच पडून राहिला की वाळतो, वजन घटते, हे आपणांस सांगायला नको. मोठ्या आतड्यातही तसेच होते. मळ जितका वेळ थांबेल तितके त्यातले पाणी शोषले जाते. कडक झाला की दुखते, दुखते म्हणून पोर रोखून धरते आणि तो आणखी वाळतो.

अंगावरच्या दुधावर हे क्वचित होते. बहुधा वरचे दूध चालू झाले की, किंवा सहा महिन्यांनी अन्न सुरू झाले की त्रास उद्भवतो. डब्याची पावडर "बाळ धष्टपुष्ट होईल" म्हणून मापापेक्षा जास्त घालतात, ते चूक आहे. आधी उकळून कोमट केलेले पाणी मोजून घ्यावे, मग डब्यातल्याच चमच्याने, सपाट भरून, सांगितली तितकीच पावडर घालावी. पातळ करणेही तितकेच वाईट, बाळ उपाशी राहते. गाई-म्हशीचे दूध वर्षाच्या आत मुख्य आहार म्हणून देऊ नये. गोठ्यात दोन म्हशी असणाऱ्यांना हे पटत नाही, ठाऊक आहे. पण त्या दुधाने शी घट्ट होते आणि बाळाच्या अंगात लोह कमी पडते.

सहा महिन्यांच्या आत वरचे पाणीसुद्धा नको, गुटी तर नकोच. सहाणेवरून काय पोटात जाईल याचा भरवसा नाही. बाळ उताणे ठेवून सायकल चालवल्यासारखे पाय हलवावेत. बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तेलाच्या हाताने हलके चोळावे, कोमट पाण्याने अंघोळ घालावी. अंगावर पाजणे चालूच ठेवावे. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर. सहा महिन्यांनंतर जेवणासोबत वाटीने उकळून गार केलेले पाणी, पिकलेली पपई, मऊ शिजवलेला भोपळा व पालेभाजी, तूप घालून वरण-भात, भिजवून कुस्करून गाळलेल्या मनुका द्याव्यात. चहात बुडवलेले बिस्किट हे बाळाचे अन्न नव्हे. वर्षानंतर दूध दिवसाला अर्ध्या लिटरवर नेऊ नये, नाहीतर पोर जेवतच नाही.

एरंडेल, मोठ्या माणसांचे रेचक व मध ही तिन्ही टाळावीत. मधात एका जंतूचे बीज असू शकते. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाही, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करते. १९७६ साली अमेरिकेत हा आजार प्रथम ओळखला गेला. तो क्वचित होतो, पण त्याचे पहिले लक्षण बहुधा बद्धकोष्ठताच असते. मग चोखणे मंदावते, रडणे क्षीण होते, मान ढिली पडते. म्हणजे शी व्हावी म्हणून चाटवलेल्या मधानेच शी अडते.

येथे ऊसतोड टोळ्यांबद्दल बोलणे भाग आहे. हंगामात पहाटे अंधारात कोयता फडात जातो. तान्हे बाळ झोळीत, राखायला सात-आठ वर्षांची बहीण. आईला पाजायला सवड नाही म्हणून बाटली येते, तीत ओढ्याचे पाणी आणि अंदाजाने ढवळलेले दूध. ज्यांच्या शेतात टोळी उतरली आहे त्या सभासदांनी मुकादमाला सांगून त्या बाईला दोन-तीन तासांनी पाजायला सुट्टी मिळवून द्यावी आणि विहिरीचे किंवा बोअरचे स्वच्छ पाणी भरू द्यावे. आपली खेप अर्ध्या तासाने उशिरा भरली, तर काही बिघडत नाही.

आता डॉक्टरांकडे ताबडतोब कधी न्यायचे? जन्मल्यावर ४८ तासांत पहिली काळी शी झाली नाही तर. आतड्याच्या शेवटच्या भागातल्या नसांची वाढ झालेली नसते, तेथे शी पुढे सरकत नाही, असा एक जन्मजात दोष आहे. हिर्शस्प्रुंग या डॅनिश डॉक्टरांनी तो १८८६ साली मांडला आणि आज तो शस्त्रक्रियेने दुरुस्त होतो. मात्र घरी रेचके देत महिने घालवले तर जिवावर बेतते. याशिवाय पोट फुगून ताठ झाले, हिरवी उलटी झाली, बाळ दूध सोडून मलूल पडले, ताप आला, शीत रक्त दिसले किंवा वजन वाढेना, तर सकाळची वाट पाहू नये. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. साध्या त्रासाला आशाताई, उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ आहेच. जाताना बाळाचे शी लागलेले दुपटे धुऊ नये, तसेच पिशवीत घालून न्यावे. शीचा रंग आणि कडकपणा डॉक्टरांनी स्वतः पाहिला की सांगण्यातला निम्मा वेळ वाचतो.